“चालेल” म्हणजे नक्की किती?

समजा, कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या लोणंदमध्ये तुम्ही तिघं भागीदार कांदा पावडरचं युनिट टाकताय. बाजाराजवळच्या जागेबद्दल एक म्हणतो “मस्त”, दुसरा “चालेल”, तिसरा “चालेल... किंवा मस्तच.” ठरवायचं कसं?

अशा धूसर शब्दांचं गणित लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये ‘फझी सेट’ म्हणून मांडलं. त्याचं सोपं रूप बघा. शब्दाला एक आकडा नको, रेंज द्या. १० पैकी “चालेल” ५ ते ७, “मस्त” ८ ते १०. तिसऱ्याची रेंज ५ ते १०. खालच्या आकड्यांची सरासरी ६, वरच्यांची ९.

दुसऱ्या जागेला तिघांचंही “चालेल”, म्हणजे ५ ते ७. पहिली सरस! पण टोकन देण्याआधी तिसऱ्याला विचाराच, “अडतंय कुठे?” भाडं असेल, पाणी असेल. रेंज मोठी, तिथेच चौकशी बाकी.