प्रिंट दाबल्यापासून कागद हाती येईपर्यंत

जून उजाडला की बोदवडमध्ये कागदांची धावपळ सुरू होते. शाळा-कॉलेजचे प्रवेश, पीककर्ज, खरिपाचा विमा, सगळीकडे दाखल्यांच्या प्रती लागतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरी बसून काढता येतो, पण तो कागदावर उतरवायला प्रिंटर हवा. आणि नेमका त्याच दिवसांत घरचा प्रिंटर अडून बसतो. हा नशिबाचा भाग नाही. आपल्या खान्देशातला कोरडा उन्हाळा, सारखी जाणारी लाइट, कूलरची ओल आणि कंपन्यांनी यंत्रात मुद्दाम घातलेल्या अटी, ही त्याची कारणं आहेत. प्रिंटरच्या आत काय घडतं ते क्रमाने पाहिलं, तर यातलं बरंचसं आपल्याला घरीच निस्तरता येतं.

काहीही उघडण्याआधी एक तपासणी करा. प्रिंटरला स्कॅनरची काच असेल तर तिच्यावर एखादा छापील कागद ठेवा आणि प्रिंटरवरचंच कॉपीचं बटण दाबा. प्रत स्वच्छ आली तर यंत्र ठणठणीत आहे. दोष संगणकात, मोबाइलमध्ये किंवा मधल्या जोडणीत आहे. प्रत आलीच नाही, किंवा पांढऱ्या रेघा घेऊन आली, तर दोष यंत्रात आहे. भुसावळ-जळगावहून मेकॅनिक बोलावण्याआधी एवढं माहीत असलं की पुढचा खर्च बराच आवाक्यात राहतो.

आता पहिला टप्पा. संगणकाचा हुकूम प्रिंटरला कळेल अशा रूपात आणणाऱ्या छोट्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. त्यातून तयार झालेली पानं एका रांगेत उभी राहतात. रांगेतलं पहिलंच पान अडकलं की मागची सगळी अडकतात. आपण मात्र काही होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा प्रिंट दाबतो, आणि प्रिंटर जागा झाला की एकाच दाखल्याच्या दहा प्रती बाहेर येतात. अशा वेळी रांग उघडून तिच्यातलं सगळं रद्द करा, प्रिंटर बंद करून चालू करा आणि एकच पान पाठवा. यादीत आपलाच प्रिंटर निवडलेला आहे ना, हेही बघा. पुष्कळदा तिथे पीडीएफ साठवण्याचा पर्याय निवडलेला असतो.

दुसरा टप्पा जोडणीचा. इथे वायफाय आणि इंटरनेट यांची गल्लत होते. वायफाय म्हणजे घरातल्या घरात बिनतारी जोडणी, इंटरनेट म्हणजे बाहेरच्या जगाशी जोडणी. एका खोलीतून शेजारच्या खोलीत पान पाठवायला इंटरनेटची गरज नसते.

राउटर, म्हणजे घरात वायफाय पसरवणारा डबा, प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. लाइट जाऊन आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि कधीकधी प्रिंटरला वेगळाच क्रमांक देतो. संगणक जुन्याच क्रमांकावर शोधत राहतो आणि प्रिंटर समोर चालू असतानाही पडद्यावर ‘ऑफलाइन’ दिसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक क्रमांक कायमचा राखून ठेवता येतो. इंटरनेट जोडायला येणारा मुलगा हे काम करून देऊ शकतो. आणखी एक अडचण नव्या राउटरची. तो २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतो, पण स्वस्त प्रिंटरांपैकी अनेकांना फक्त २.४ ची लहर सापडते. जोडताना तीच निवडा.

ज्या घरात राउटर नाही, तिथे प्रिंटर कुणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेला असतो. तो मोबाइल शेतात किंवा ड्युटीवर गेला की घरातला प्रिंटर कुणाच्याच कामाचा राहत नाही. त्यावर वायफाय डायरेक्ट नावाची सोय पुष्कळ प्रिंटरांत असते. तीत प्रिंटर स्वतःचंच छोटं वायफाय तयार करतो. मोबाइल थेट त्याला जोडायचा. संगणक जवळ असेल तर माझं मत स्पष्ट आहे: यूएसबीची वायर लावा. ती विकत घ्यावी लागली तरी घ्या. लाइट कितीही वेळा गेली-आली तरी वायर आपला पत्ता विसरत नाही.

तिसरा टप्पा कागदाचा, आणि इथे आपल्या हवेचा थेट संबंध येतो. रबराचा एक रोलर वरचा एकच कागद उचलून आत ढकलतो. उन्हाळ्यात आपण कूलर लावतो, आणि त्याच खोलीत प्रिंटर असेल तर ओली हवा ट्रेमधल्या कागदात मुरते. ओले कागद एकमेकांना चिकटतात, दोन-दोन उचलले जातात, कडेला वळतात आणि अडकतात. म्हणून प्रिंटर कूलरच्या झोतात ठेवू नका, आणि रिम फोडल्यावर उरलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. कागद ७० ते ८० जीएसएमचा घ्या; जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. त्याहून पातळ कागद स्वस्त पडतो, पण अडकतोही जास्त.

अडकलेला कागद हिसकू नका. प्रिंटर बंद करा, मागचं झाकण असेल तर ते उघडा आणि कागद ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने दोन्ही हातांनी सावकाश ओढा. चिटोरा आत राहिला तर तो कागद ओळखणाऱ्या सेन्सरवर बसतो आणि प्रिंटर कागद अडकल्याचंच सांगत राहतो. आपला सगळा कापसाचा पट्टा. धुळीबरोबर बारीक तंतूही उडतात आणि रोलर गुळगुळीत होतो. साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने तो पुसला की बहुतेक वेळा पुन्हा कागद धरू लागतो.

चौथा टप्पा शाईचा. घरचे बहुतेक प्रिंटर इंकजेट, म्हणजे शाईचे तुषार उडवणारे असतात. त्यांच्या हेडला, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाला, केसाहून बारीक शेकडो छिद्रं असतात. त्यांना नोझल म्हणतात. थेंब उडवायच्या रीती दोन. एचपी आणि कॅनन यांच्या प्रिंटरांत छिद्रामागची शाई क्षणात तापवून तिचा बुडबुडा करतात आणि तो थेंबाला बाहेर लोटतो. एप्सनच्या प्रिंटरांत विजेने वाकणारा स्फटिक शाईला दाबतो. बुडबुड्याच्या पद्धतीतल्या अनेक प्रिंटरांत हेड कार्ट्रिजलाच, म्हणजे शाईच्या डबीलाच, जोडलेलं असतं. डबी बदलली की हेडही नवं येतं. एप्सनचं हेड यंत्रात पक्कं असतं, आणि ते कायमचं चोक झालं तर खर्च मोठा येतो.

या शाईत बराचसा भाग पाण्याचा असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा नोझलमधलं पाणी उडून रंग आतच सुकतो. त्यापासून वाचवायला प्रिंटरमध्ये रबराचं एक झाकण असतं. काम संपल्यावर हेड एका कडेला जाऊन त्या झाकणावर बसतं. पण ते तिथे नीट बसेल याची खात्री प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबून तो बंद केल्यावरच असते. आपण भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं, किंवा छपाई चालू असताना लाइट गेली, तर हेड वाटेतच उघडं राहू शकतं. घरगुती इंकजेट खराब होण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं. आधी प्रिंटरचं बटण, हालचाल पूर्ण थांबली की मग बोर्डाचं. लाइट गेली असेल तर परत आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून त्याच्या बटणाने बंद करा.

आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा, म्हणजे शाई खेळती राहते. रेघा दिसू लागल्या तर प्रिंटरच्या सेटिंगमधलं हेड क्लीनिंग दोनदा, फार तर तीनदा करा आणि थांबा. रात्रभर तसंच ठेवलं तर सुकलेला रंग पुष्कळदा मऊ होतो. सारखं क्लीनिंग केलं तर शाई संपते, आणि ती शाई कुठे जाते हेही जाणून घ्यायला हवं.

ती जाते प्रिंटरच्या तळाशी असलेल्या स्पंजासारख्या गादीत. तिला वेस्ट इंक पॅड म्हणतात. किती शाई टाकली याचा हिशेब यंत्र ठेवतं आणि ठरलेला आकडा गाठला की प्रिंटर काम बंद करतो. काही दुकानांत गादी न बदलता फक्त हा आकडा शून्य करून देतात. प्रिंटर चालू होतो खरा, पण पुढे शाई टेबलावर झिरपते. आकडा शून्य करताना गादीही बदलून घ्या.

ज्यांना मुख्यतः अक्षरंच छापायची आहेत, त्यांनी काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरचा विचार करावा. बाजारातल्या झेरॉक्स मशिनचं आणि त्याचं तत्त्व एकच. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या ॲस्टोरियात पहिली कोरडी प्रत काढली, ती याच तत्त्वावर. एका गोल ड्रमवर स्थिर विजेने अक्षराचा ठसा उमटवतात, त्याला टोनर चिकटतो आणि तो कागदावर उतरतो. टोनर म्हणजे शाई नव्हे, प्लास्टिकची रंगीत पूड. शेवटी सुमारे २०० अंशांच्या रोलरखाली ती वितळून कागदात बसते. म्हणून लेझरची प्रत पावसात भिजली तरी अक्षर पसरत नाही. सातबाऱ्यावरचा क्यूआर कोडही तीत ठसठशीत उमटतो. शाई फुटली तर तोच कोड मोबाइलला वाचता येत नाही. आणि पूड सुकायचा प्रश्नच नसल्यामुळे लेझर दोन महिने बंद ठेवला तरी चालतो.

फक्त एक जपा. तो तापणारा रोलर सुरू होताना भरपूर वीज ओढतो. लेझर प्रिंटर संगणकाच्या यूपीएसवर किंवा घरच्या लहान इन्व्हर्टरवर लावू नका. ते बंद पडतात किंवा बिघडतात.

यापुढचा अडथळा यंत्राचा नाही, कंपनीच्या धोरणाचा आहे. कार्ट्रिजवर एक छोटी चिप असते. ती प्रिंटरला सांगते की डबी कुणाची आणि किती वापरली. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक प्रिंटरांनी जगभर एकाच सुमारास दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिजेस नाकारली. आदल्या दिवसापर्यंत ती चालत होती. प्रिंटरमधल्या अंगभूत प्रोग्रामला, म्हणजे फर्मवेअरला, तशी सूचना आधीच दिलेली होती. ओरड झाल्यावर कंपनीला ही अट काढणारा पर्याय द्यावा लागला, पण असे प्रिंटर अजूनही विकले जातात. काही मॉडेल्सना तर इंटरनेट कायम जोडलेलं असावंच लागतं. विकत घेतलेल्या यंत्राने मालकाला विचारल्याशिवाय आपला नियम बदलावा, हे मला अजिबात पटत नाही. खोक्यावरचा मजकूर आधी वाचा, आणि फर्मवेअर आपोआप बदलण्याचा पर्याय पहिल्याच दिवशी बंद करा.

खोक्यावरचा पानांचा आकडाही समजून घ्या. तो पानाचा जेमतेम ५ टक्के भाग एका रंगाने भरेल असं धरून काढलेला असतो. मुलांचं पानभर चित्र त्या हिशेबात बसत नाही. मुलांचं रंगीत काम रोजचं असेल तर बाटलीतून शाई भरायचा इंक टँक प्रिंटर घ्या. महिन्यात चारच पानं लागत असतील तर प्रिंटर घेऊच नका, झेरॉक्सच्या दुकानात जा. तीन-चार हजारांचा कार्ट्रिजवाला प्रिंटर मात्र आपल्या हवेत मी कुणालाही सुचवणार नाही.

हीच इंटरनेटची अट आता एसी, गिझर, वॉशिंग मशिन यांतही आली आहे. मोबाइलवरून एसी लावला की हुकूम थेट एसीकडे जात नाही. तो आधी कंपनीच्या सर्व्हरकडे, म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेल्या संगणकाकडे जातो आणि तिथून आपल्या राउटरमार्गे परत एसीत येतो. यातली एक कडी तुटली की काम अडतं. साध्या रिमोटचा प्रकाशकिरण हे अंतर खोलीतच संपवतो. आणि सर्व्हर कंपनीने बंद केला तर? अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचं, घरातले दिवे आणि उपकरणं चालवणारं यंत्र २९९ डॉलरला विकलं गेलं. ते बनवणारी कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद झाला आणि चांगली चालणारी यंत्रं निकामी झाली.

धोका एवढाच नाही. त्याच वर्षी मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, कारण त्यांचे कारखान्यातले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. घरातल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड आजच बदला.

दूरचं नियंत्रण सगळीकडेच वाया जातं असं नाही. शेतीपंपाला रात्रीची वीज आली की मळ्यात जायला लागू नये म्हणून शेतकरी मोबाइल स्टार्टर बसवतात. कॉल किंवा मेसेजवर मोटर सुरू होते. अंधार, साप, दोन-तीन किलोमीटरची वाट, हे अंतर खरं असतं आणि ते यंत्र ते वाचवतं. वॉशिंग मशिनमध्ये कपडे हातानेच टाकावे लागतात. आणि बोदवडला नळाचं पाणी रोज येत नसताना टाकीत पाणी आहे का, हेही उठून बघावंच लागतं. तिथे ॲपने काही वाचत नाही. घेताना दुकानदाराला इतकंच विचारा: ॲप आणि इंटरनेट नसताना यातली सगळी कामं बटणावर होतात का? दुकानातच वायफाय न जोडता चालवून दाखवायला सांगा.

बिल आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दावा करता येतो. प्रिंटर पुण्याहून मागवला असला, तरी बोदवडच्या ग्राहकाला जळगावला तक्रार करता येते, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क लागत नाही.