शनवार तेल्याचे घर

गुरुजी, बाई, उद्या चौथीच्या वर्गात जाऊन फळ्यावर ‘ज्यू’ असा शब्द लिहून पाहा. बहुतेक मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहणार नाही. ज्यांच्या घरी बातम्या सतत चालू असतात त्यांना फार तर रणगाडा दिसेल, किंवा काळा डगला घातलेला लांब दाढीचा कोणी परका माणूस.

मुलांना कशाला नावे ठेवा! मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. कित्येक वर्षे मी शेक्सपिअरचा शायलॉक शिकवला, कर्जापायी माणसाचे मांस मागणारा ज्यू. एकदा तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा थांबला. आडनाव ‘कर’ने संपणारे, बोली अस्सल अलिबागकडची. म्हणाला, “सर, आम्ही ज्यू. आमच्यात कुणी सावकारी नाही केली. पणजोबांचा तेलाचा घाणा होता.” दोन वर्षे मी त्याचे नाव हजेरीत वाचत होतो आणि मला पत्ता नव्हता.

तेव्हापासून मी म्हणतो, लहान मुलांना ही ओळख करून द्यायची तर ती घाण्यापासून सुरू करावी.

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, गावोगावी हे लोक तेल गाळत. शुक्रवारी सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत घाणा बंद. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, आणि हे शनवार तेली. मुलांना एवढेच विचारा: “शनिवारीच का बरं?” मग सांगा, की हा त्यांचा विश्रांतीचा, देवाच्या आठवणीचा दिवस. त्याला ते शब्बाथ म्हणतात.

त्यांचे स्वतःचे नाव बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरे. त्यांच्या घरांत अशी गोष्ट सांगतात, की फार फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. हे नेमके कधी घडले यावर इतिहासकारांचे एकमत नाही, म्हणून मुलांना ही गोष्ट ‘ते असे सांगतात’ म्हणूनच सांगा. पोथ्या नसताना राहिले काय? शनिवार राहिला, मुलांची सुंता राहिली, ‘शेमा’ ही प्रार्थना राहिली आणि खाण्याचे नियम राहिले.

खाण्याचा विषय निघाला की वर्ग जागा होतो. ज्याच्या अंगावर खवले आणि पर आहेत तोच मासा त्यांना चालतो. किनाऱ्यावरच्या शाळेत हे सांगून बघा. कोळंबी? नाही. खेकडा? नाही. तिसऱ्या? नाही. बांगडा? चालतो! पोरे तुमच्यापेक्षा भराभर उत्तरे देतील. मटणाबरोबर दूध-दही खायचे नाही हा दुसरा नियम. मग कोकणातल्या बाईने काय केले? नारळाचे दूध घातले. नियम दूरदेशीचा आणि नारळ आपल्या परसातला, दोन्ही एकाच पातेल्यात!

सणांची नावे तर ऐकण्यासारखी आहेत. खिरीचा सण. दरफाळणीचा सण. त्या दिवशी दारे लावून घेऊन उपास करायचा. हिब्रूत तो योम किप्पूर. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक पाळतात तो बिरड्याचा रोजा, कारण उपास वालाच्या बिरड्याने सोडायचा. नवस फेडताना किंवा लग्नाआधी एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गोड, ओले खोबरे, सोबत फळे. १८७४ साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या एका सणाच्या पुस्तकातल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात. असे चित्र मिळाले तर वर्गात जरूर लावा.

मग नकाशा काढा. पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, नवगावकर. मुलांना गावे शोधू द्या. आडनावावरून मात्र धर्म ओळखायला शिकवू नका. पेणकर इतर समाजांतही आहेत.

इथपर्यंत आले की मुले म्हणतील, “म्हणजे ज्यू आमच्यासारखेच!” इथे थांबू नका. पुण्याचे लाल देऊळ १८६७ सालचे. ते बांधणारे डेव्हिड ससून बगदादहून मुंबईला आलेले, घरात अरबी बोलणारे. कोचीच्या ज्यूंचे प्रार्थनामंदिर १५६८ सालचे, आणि त्यांची भाषा मल्याळम. पोलंडातले ज्यू यिडिश बोलत. इथिओपियातले आणि येमेनमधले आणखी निराळे. रंग, वेष, जेवण वेगळे. शनिवार मात्र सगळ्यांचा.

या वेगळेपणाचा त्रासही झाला, आणि तो मोठ्या मुलांपासून लपवू नये. मुंबईतले बगदादी ज्यू कोकणच्या ज्यूंना बरोबरीचे मानीत नसत. १९४८ नंतर पुष्कळ बेने इस्रायल इस्रायलला गेले. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढली, की यांचे लग्न लावण्याआधी पूर्वज तपासावेत. ज्यांनी पोथ्यांवाचून शनिवार सांभाळला, त्यांना विचारले गेले, तुम्ही खरे ज्यू का? लोक चिडले, जेरुसलेमला धरणे धरून बसले. १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असे ठरावाने सांगितले. आपल्याकडे २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

दोन गोष्टींना जपा. ‘इस्रायल’ हा शब्द कोकणात या लोकांसाठी त्या देशाच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आहे. वर्गात ज्यू मूल असेल तर त्याला त्या देशाच्या लढायांचा जाब विचारू नका, आणि दुसऱ्या मुलांनाही विचारू देऊ नका. दुसरे, हिटलरच्या अत्याचारांपासून सुरुवात नको. तो इतिहास सांगायचाच आहे, पण जरा मोठ्या वयात. ज्याचे घर, सण, जेवण अजून पाहिले नाही, त्याला मुलाने आधी प्रेतांच्या ढिगात पाहावे, हे मला बरे वाटत नाही.

“मग आता ते कुठे आहेत?” हा प्रश्न येणारच. मुंबई, ठाणे, पुणे इथे अजून आहेत, थोडे. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी मासिक काढले. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ हे प्रार्थनामंदिर उभे आहे. सहल न्यायची असेल तर आधी विचारून ठेवा, शनिवार टाळा, आणि मुलांना डोक्यावर टोपी नाहीतर रुमाल घ्यायला सांगा.