'बॉस आला' की 'बॉस आले'?

सकाळचे सव्वादहा. एका ऑफिसात फ्रीलान्स कामाला बसले होते. काचेच्या दारापलीकडे बॉस दिसले आणि मी घाईघाईत ग्रुपवर टाकलं, 'बॉस आला!' त्या ग्रुपमध्ये बॉसही आहेत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. लगेच उत्तर आलं, 'आला नाही, आले.'

मेले!

गंमत म्हणजे, चूक 'बॉस' या शब्दात नव्हतीच. 'आ'ने न संपणारी पुल्लिंगी नामं मराठीत बहुवचनातही तशीच राहतात. घोड्याचे घोडे होतात, पण एक मित्र, चार मित्र. एक बॉस, चार बॉस. मग एक की अनेक, हे सांगायचं कुणी? क्रियापदाने. 'मित्र आला' म्हणजे एक कप चहा, 'मित्र आले' म्हणजे मोठं पातेलं चढवा.

पण 'आले'ला आणखी एक ड्युटी आहे, आदरार्थी बहुवचनाची. माणूस एकच, क्रियापद अनेकांचं. त्यामुळे 'बॉस आले' म्हटलं की एक साहेब आले की चार, हे संदर्भावरूनच ओळखायचं. इंग्रजीचं टेन्शन वेगळं. 'टीम'ला 'इज' लावायचं की 'आर'? ब्रिटिश दोन्ही चालवतात, अमेरिकन शक्यतो 'इज'. आपली टीम मात्र पंधरा जणांची असली तरी 'आली'च, अगदी 'मंडळी'सारखी.

त्या दिवसापासून मी कान देऊन ऐकायला लागले. 'सर आले.' 'मॅडम आल्या.' आणि 'शिपाई आला.' सर पस्तिशीचे, शिपाईकाका पन्नाशी उलटलेले. 'शिपाई' हा शब्दही बहुवचनात बदलत नाही. म्हणजे 'शिपाई आले' म्हणायला व्याकरणाची काहीच आडकाठी नाही. आडकाठी आपलीच.

घरीही तेच. 'बाबा आले', पण 'आई आली'. आईच्या 'आली'त माया आहे, मान्य. पण कामाला येणाऱ्या मावशींनाही आपण 'आली' म्हणतो, त्यात माया किती आणि सवय किती? तुम्हीच एक दिवस मोजून बघा.

मी सुरुवात ऑफिसातूनच केली. दुसऱ्या दिवशी काका फायली घेऊन येताना दिसले. मी म्हटलं, "शिपाई आले."

शेजारच्याने स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं, "किती?"

"एकच," मी म्हटलं, "पण आले."