काळ्या पडद्यामागे

२०२३ साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली होती. घरात पाहुणे, बाहेर पाऊस, आणि नेमका आदल्या संध्याकाळी माझ्या लॅपटॉपचा पडदा काळा झाला. चार्जरचा दिवा पेटत होता, आतला पंखा घरघरत होता, पण समोर मिट्ट काळोख.

माझ्या कविता गेल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं, काहींना बरंही वाटलं असतं. पण त्यात अम्मीनं सांगितलेली लग्नाची गाणी होती, आमच्या कोकणी मुसलमानांच्या बोलीतली. दोन पावसाळे तिच्याजवळ बसून ती वहीत उतरवली होती. अम्मी गेली, पुढे वहीला वाळवी लागली. लॅपटॉपमध्ये होती तेवढीच प्रत.

ईद झाल्यावर दुकानात गेलो. तिथल्या मुलानं बटण दाबून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘चाचा, स्क्रीन गेली. कोल्हापूरला पाठवायला लागेल. आतलं राहील याची गॅरंटी नाही.’’ मी कागदावर सही करणार, तेवढ्यात सोबत आलेला भाचा म्हणाला, ‘‘मामू, आज राहू दे. आधी घरी बघूया.’’

घरी त्यानं खोलीतले दिवे घालवले, लॅपटॉप सुरू केला आणि मोबाइलची बॅटरी पडद्यावर तिरकी धरली. धुक्यातून भाट्याचा किनारा दिसावा तसं माझं नाव आणि पासवर्डची चौकट अंधूक दिसली. चित्र होतं, उजेड नव्हता!

मित्रहो, मलाही तोवर वाटायचं की पडदाच उजळतो. तसं नसतं. आपल्या बहुतेक लॅपटॉपच्या पडद्यात द्रव-स्फटिक असतात. १८८८ साली रायनिट्झर नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ तापवताना दिसलं, की तो १४५ अंशांच्या सुमारास वितळून गढूळ होतो आणि १७८ च्या पुढे निवळतो. तो मधला गढूळपणा म्हणजेच द्रव-स्फटिक. हे स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. खिडकीच्या झडपांसारखे ते मागून येणारा उजेड अडवतात किंवा सोडतात. उजेड देतात मागचे दिवे. पूर्वी बारीक नळी असे, आता एलईडी. दिवे विझले तरी झडपा आपलं काम करत राहतात. आणि आपण लिहिलेलं या दोन्हींत नसतं, ते खाली कळफलकाच्या पोटातल्या डिस्कवर असतं.

म्हणून आधी यंत्र जागं आहे का, ते पाहावं. ‘कॅप्स लॉक’ची कळ दाबल्यावर तिचा दिवा लागतो-विझतो आहे ना? तिथे दिवा असून तो हलत नसेल, तर दुखणं बहुधा पडद्याचं नाही. मग उजेड कमी-जास्त करायची कळ बघावी. नातवंडांच्या बोटांनी तो पार उतरलेला असू शकतो. चार्जर काढून, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढून, सुरू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरावं. अडकलेली वीज निघून गेली की कधीकधी एवढ्यावरच भागतं. पडद्यावर शाईसारखा डाग पसरला असेल, तर मात्र आतली काच फुटली आहे. तिथे पडदा बदलण्यावाचून इलाज नाही.

आमच्याकडे भाच्यानं एचडीएमआय वायर टीव्हीला जोडली. ज्या टीव्हीवर बायको मालिका बघते, त्यावर अम्मीची गाणी उमटली. मी काही बोललो नाही. भाच्यानं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि मगच म्हणाला, ‘‘आता द्या कुणालाही दुरुस्तीला.’’

दुसऱ्या कारागिरानं झाकण खोललं. पडद्याला वीज आणि चित्र नेणारी पट्टी बिजागरीतून जाते. तिच्या टोकाच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शिवाय खारा वारा. खिडकीचे गज टिकत नाहीत तिथे केसाएवढ्या पिना कशा टिकाव्यात? पट्टी बदलली, पडदा तोच राहिला. तो कारागीर म्हणाला, पावसाळ्यात यंत्र कपाटात कोंडू नका, रोज थोडा वेळ चालवा. स्वतःच्या उबेनं ते कोरडं राहतं. पडदा पुसताना फवारा त्याच्यावर मारू नका, फडक्यावर घ्या.

पेनड्राइव्ह चिपळूणला बहिणीकडे ठेवायचं ठरवलं होतं. मग २०२१ च्या जुलैतला तिथला पूर आठवला. कोल्हापूरचं नाव निघालं, तर तिथे पंचगंगा! शेवटी भाचाच तो खिशात घालून पुण्याला घेऊन गेला.