निजामी राजवटीतील धर्मसंघटना आणि सत्ता

पेडगाव या गावासह परभणी जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि जनतेला उत्तरदायी शासन नसल्याने तेथील राजकारण बरेचसे धर्मसंघटनांच्या आश्रयाने वाढले. आर्य समाज या वेदप्रामाण्य मानणाऱ्या सुधारक पंथाने धार्मिक स्वातंत्र्यासाठी १९३८-३९मध्ये सत्याग्रह केला. उलट लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या मुस्लिम संघटनेने रझाकार या सशस्त्र स्वयंसेवक दलाच्या बळावर ऑक्टोबर १९४७मध्ये भारताशी करार करू पाहणारे शिष्टमंडळ रोखले, ज्यानंतर संस्थानाचे पंतप्रधान छतारीचे नवाब पायउतार झाले आणि मीर लायक अली त्या पदावर आले. तरीही यास निव्वळ हिंदू-मुसलमान झगडा म्हणणे अपुरेच, कारण रझाकारांवर टीका करणारे संपादक शोएबउल्ला खान, ज्यांची १९४८मध्ये हत्या झाली, स्वतः मुसलमान होते.