हुपरीचा डाग, रशियाचा ठसा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातली हुपरी चंदेरी नगरी म्हणून ओळखली जाते. इथले पैंजण देशभर विकले जातात, पण हे काम एका छपराखाली होत नाही. चांदी आटवणं, तार ओढणं, कड्या वळणं आणि जोडणं ही कामं घराघरांत वाटलेली असतात, आणि कड्या जोडणारे हात बहुतेक वेळा बायकांचे. कसब खरं दिसतं ते डाग देताना, म्हणजे सांधा वितळत्या मिश्रधातूने जोडताना. सांध्यावर सवागी (टाकणखार) आणि डागाचा कण ठेवून ज्योत धरली की कण वितळायला हवा, शेजारची बारीक कडी मात्र नाही. डाग लवकर वितळावा म्हणून त्यात तांबं आणि जस्त मिसळलेलं असतं. म्हणून कड्यागणिक डाग पडला की मोडीत आटवताना पैंजणाचा टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, उतरतो. हुपरीची कला आणि हुपरीबद्दलची शंका, दोन्ही या सांध्यातच आहेत.

झारकालीन रशियाच्या चांदीच्या सिगारेट-डब्यांनाही मिश्रण चुकलं नव्हतं. बिजागरी इतकी बेमालूम बसवलेली की मिटलेल्या डबीचा सांधा सहज नजरेत येत नाही. काहींवर कोरीव रेघांत चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांचं काळं मिश्रण भरलेलं. तरीही या डब्यांवर भरवसा ठेवता येतो, कारण आत ‘८४’चा ठसा असतो. ९६ भागांत ८४ भाग चांदी, म्हणजे हजारी ८७५. १८९९च्या सुमारास त्याला कोकोश्निक हा रशियन शिरपेच घातलेल्या स्त्रीच्या मुखाची जोड मिळाली. १९०८पासून ते मुख उजवीकडे वळलं. भेसळ लपवण्यापेक्षा तिचं प्रमाण कोरून ठेवलं, म्हणून शंभर वर्षांनंतरही माल बोलतो.

हुपरीच्या पैंजणावरही असाच ठसा हवा. खोटे ठसेही निघतात, हा आक्षेप खरा आहे. पण ज्याला किंमत असते त्याचीच नक्कल होते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: स्वस्त पैंजणाच्या प्रत्येक जोडाला तपासणीचा खर्च लहान कारागिराला पेलायचा कसा? तो त्याच्या माथी मारूच नये. चांदी पुरवणारा आणि माल उचलणारा व्यापारीच टंच ठरवतो, तेव्हा भारही त्यानेच उचलावा. भारतीय मानक ब्युरोचं चांदीचं हॉलमार्किंग २००५पासून उपलब्ध आहे. सोन्याला ते २०२१मध्ये सक्तीचं होऊ लागलं, चांदीला ऐच्छिकच राहिलं. सक्ती येईपर्यंत गिऱ्हाइकाच्या हाती एक उपाय आहे: पैंजण घेताना टंच विचारा आणि बिलावर लिहून घ्या.