ज्यांनी पाहिलं, त्यांची यादी

इसवी सन ५४च्या सुमाराला पौल इफिस शहरात राहत होता. समुद्रापलीकडे ग्रीसमधल्या करिंथ शहरात त्यानं ख्रिस्ती मंडळी स्थापन केली होती. तिथून बातमी आली, की काही जण म्हणताहेत, मेलेला माणूस काही उठत नाही. यात नवल नव्हतं. आत्मा अमर असेल, पण देह पुन्हा उठतो ही कल्पना सुशिक्षित ग्रीक माणसाला विचित्रच वाटायची.

पौलानं उत्तर पाठवलं. नव्या करारात ते करिंथकरांस पहिलं पत्र म्हणून आहे. त्याच्या पंधराव्या अध्यायात, मरणानंतर येशू कोणाकोणाला दिसला याची यादी आहे. अशा साक्षींची आपल्या हाती असलेली ही सर्वांत जुनी लेखी नोंद. चार शुभवर्तमानांतलं सर्वांत जुनं, मार्कचं, इसवी सन ७०च्या आसपासचं मानतात.

आधी केफा, म्हणजे पेत्र; मग बारा शिष्य; मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधव; मग याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी स्वतः पौल. पाचशेंपैकी बरेच जण अजून हयात आहेत, असं तो जाता जाता सांगतो. म्हणजे शंका असेल तर जा, विचारा! पण कोणाला विचारणार? त्यांतल्या एकाचंही नाव तो देत नाही, ठिकाणही नाही. मला तरी या यादीचं बळ पाचशेंत दिसत नाही. ते पेत्र आणि याकोब या दोन नावांत आहे. गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो, की यरुशलेमला तो पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. ही भेट येशूला क्रुसावर दिल्यानंतर काही वर्षांतच झालेली. म्हणजे निदान या दोघांची साक्ष ऐकीव-ऐकीव नव्हे.

अडचण पुढेच आहे. पेत्राला 'दिसला' आणि मला 'दिसला', दोन्हीकडे पौल एकच ग्रीक क्रियापद वापरतो. पण पौल शिष्यांबरोबर नव्हता. उलट तेव्हा तो ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता. त्याला झालं ते नंतरचं दर्शन. मग बाकीच्यांनी हाडामांसाचा माणूस पाहिला की त्यांनाही दर्शनच झालं? पौल फरक करत नाही. आपण पाहिलं याची या माणसांना खात्री होती, इथवर इतिहासकार ठामपणे येऊ शकतो. पुढचं श्रद्धेचं.

या यादीत एकाही बाईचं नाव नाही. शुभवर्तमानांत मात्र रिकामी कबर पहिल्यांदा पाहतात त्या बायकाच, मग्दालीया मरीया त्यांत पुढे. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो, की बायकांची साक्ष ग्राह्य धरू नये. लूकच्या शुभवर्तमानात तर शिष्यांनाच त्या बायकांचं बोलणं बरळणं वाटतं. गोष्ट रचायचीच होती, तर असे साक्षीदार कोण निवडेल, असं अनेक अभ्यासक विचारतात. प्रश्न वजनदार आहे. पण प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला बायकाच जाणार, तेव्हा कथेत त्या ओघानंच आल्या असतील, असंही म्हणता येतं.

दुसऱ्या शतकातल्या सेल्सस या ग्रीक टीकाकारानं नेमकं इथेच बोट ठेवलं: पाहिलं कोणी, तर एका भ्रमिष्ट बाईनं! त्याचा ग्रंथ आज नाही. त्याचं म्हणणं टिकलं ते ओरिजेन या ख्रिस्ती पंडितामुळे. खोडून काढायचं म्हणून त्यानं ते आपल्या ग्रंथात जागोजागी उतरवून घेतलं.